शाळेची परदेशसहल : कशासाठी आणि कोणासाठी

शाळेची सहल हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठास काहीसा हलका वाटण्याचा संभव आहे. सहल म्हटली की बरोबर बांधून दिलेला डबा, गाडीतील भेंड्या आणि परतल्यावर लिहावयाचा निबंध एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु गेल्या काही वर्षांत या चित्रात मोठा पालट झाला आहे. शहरांतील अनेक शाळांच्या वार्षिक कार्यक्रमात आता परदेशसहलीचा समावेश असतो. सिंहगड आणि रायगड यांच्या जोडीला सिंगापूर, दुबई, अमेरिकेतील अंतराळ संशोधन केंद्र अशी नावे सूचनाफलकावर दिसू लागली आहेत. ज्या आईबापांस हा खर्च झेपतो त्यांच्यापुढे मुलाला पाठवावे की नाही, हा प्रश्न उभा राहतो. ज्यांस झेपत नाही त्यांच्या मनात, आपल्या मुलाचे काही कमी तर पडत नाही ना, अशी चुटपुट लागून राहते. आणि शिक्षकापुढे तिसराच प्रश्न असतो : एवढ्या लांबच्या प्रवासातून शिक्षण घडते काय? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले तर पहिल्या दोहोंची उत्तरे आपोआप मिळतील, अशी आमची समजूत आहे. म्हणून त्याचाच विचार आज आपण करू.

हा विचार आम्ही केवळ पुस्तकी करीत नाही. आम्ही मुळशी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवितो. काही वर्षांपूर्वी नववीच्या चौदा मुलामुलींस घेऊन जपानला जाण्याचा योग आम्हांस आला. खर्चाचा काही भार पालकांनी उचलला, काही गावकऱ्यांनी आणि मोठा भाग पुण्यामुंबईस नोकरीधंद्याला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनी. त्या प्रवासात जे पाहिले आणि परतल्यावर जे घडले, त्यावरून काही निष्कर्ष काढता येतात. त्यांतील मुख्य निष्कर्ष प्रारंभीच सांगून टाकतो : मूल घरून कोणता प्रश्न घेऊन निघते आणि घरी कोणते उत्तर घेऊन येते, यावर सहलीची किंमत ठरते. मधल्या अंतरावर ती ठरत नाही.

समुद्र ओलांडणे ही आज पैशाची आणि कागदपत्रांची बाब झाली आहे. दीडशे वर्षांपूर्वी ती धर्माची बाब होती. परदेशगमन करणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाही तर जातीबाहेर राहावे लागे. अशा काळात, १८८३ साली, आनंदीबाई जोशी वयाच्या अठराव्या वर्षी वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेस गेल्या. जाण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे भरलेल्या सभेत त्या उभ्या राहिल्या आणि आपण का जात आहोत, याची कारणे त्यांनी लोकांपुढे एकेक करून मांडली. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हे त्यांतील प्रमुख कारण. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, तेथून पुढे अमेरिकेस गेल्या, आणि परत आल्यावर १८८९ साली अमेरिकेतील लोकस्थितीवर त्यांनी मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. एकीने निघण्यापूर्वी कारण सांगितले, दुसरीने परतल्यावर हिशेब दिला. आमच्या मते परदेशप्रवासाचे सारे शास्त्र या दोन गोष्टींत आले.

तिसरे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. १९१५ साली जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली. त्या वर्षाअखेर मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आपल्याकडेही असे विद्यापीठ असावे, असा विचार मांडला, आणि १९१६ साली ते प्रत्यक्षात आणले. पुढे १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, अण्णा युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. शिक्षणपरिषदांत आपल्या प्रयोगाविषयी ते बोलले, आणि १९३० साली परत येताना टोकियोचे ते महिला विद्यापीठही त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ज्या गोष्टीचा पंधरा वर्षे ध्यास घेतला ती पाहावयास ते गेले होते. अशा माणसाला मार्गदर्शकाने काय काय दाखविले, हे विचारण्याची गरज नसते. काय पाहावयाचे हे त्याचे आधीच ठरलेले असते.

आणखी एक नाव घेतो, कारण ते थेट मुळशीशी जोडलेले आहे. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट हे १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोस अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेले. तेथे स्वदेशाच्या स्थितीविषयी केलेल्या भाषणापायी त्यांची शिष्यवृत्ती गेली. पॅरिसला जाऊन बॉम्ब बनविण्याची विद्या त्यांनी मिळविली आणि १९०८ साली ते परतले. त्यांच्या त्या मार्गाविषयी कोणाचे काहीही मत असो, पुढे १९२१ साली मुळशीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांची भाताची खाचरे धरणाखाली जाऊ लागली, तेव्हा हा परदेशात यंत्रविद्या शिकलेला माणूस त्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. 'सेनापती' ही पदवी त्यांस लोकांनी मुळशीच्या सत्याग्रहातच दिली. परदेश पाहिलेल्या माणसाचे डोळे स्वतःच्या मुलखाकडे वळले म्हणजे काय होते, ते येथे दिसते.

ही सारी मोठी माणसे झाली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांकडून एवढी अपेक्षा कशी करावयाची, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर असे की, मुलांकडून ही अपेक्षा करणारी एक व्यवस्था जगात आहे आणि ती फार जुनी आहे. जपानात शाळेच्या अभ्याससहलीस 'शूगाकु र्‍योको' म्हणतात. १८८६ साली टोकियोच्या अध्यापक विद्यालयातील विद्यार्थी अकरा दिवसांच्या पायी प्रवासावर चिबा प्रांतातील चोशी या बंदराकडे गेले, ती या प्रथेची सुरुवात मानतात. कवायतीबरोबर वाटेतील वनस्पती, प्राणी, भूगोल यांचे निरीक्षण त्यांनी करावयाचे होते. आज तेथील जवळजवळ प्रत्येक शाळेतील मुले अशा सहलीस जातात. या सहलीचे तीन भाग असतात. निघण्यापूर्वी वर्गात त्या ठिकाणाचा अभ्यास होतो आणि मुले स्वतः एक छोटी पुस्तिका तयार करतात. तीत वेळापत्रक, नकाशा, नियम आणि आपण काय शोधणार याच्या नोंदी असतात. मग प्रवास, त्यात मुलांच्या लहान तुकड्या आपापला मार्ग आखून जातात. आणि परतल्यावर जे पाहिले ते लिहून, चित्रे काढून शाळेतील इतरांपुढे मांडावयाचे. प्रवास हा तिहींतील फक्त मधला भाग! आपल्याकडे बहुधा पहिला आणि तिसरा भाग गळून जातो आणि मधल्या भागाचे पैसे भरले जातात.

आम्ही हीच रीत धरली. जपानला जाण्याआधी चार महिने मुलांस जपानविषयी फारसे काही सांगितले नाही. त्यांना मुळशी धरणावर नेले. या मुलांपैकी बरीचशी धरणाच्या काठावरलीच. पाणी त्यांनी जन्मापासून पाहिलेले, परंतु ते कोठून येते आणि कोठे जाते, हे त्यांना ठाऊक नव्हते. मुळा नदी ही सह्याद्रीत उगवून पूर्वेकडे पुण्याला जाणारी. तिचे पाणी येथे अडविले आहे. अडविलेले हे पाणी मात्र बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेकडे वळविले जाते, सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिरा येथील वीजघरावर सोडले जाते, आणि वीज देऊन झाल्यावर कुंडलिका नदीने अरबी समुद्रास मिळते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी माणसाने पाठ फिरवून उलट दिशेस पाठविले! मुंबईच्या गिरण्यांस आणि कारखान्यांस वीज हवी होती, म्हणून टाटा कंपनीने ही योजना हाती घेतली. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

त्यापूर्वी काय घडले तेही मुलांनी वाचले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर बसकण मारून सत्याग्रहास आरंभ केला. बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. बायका-मुलांसह लोक तुरुंगात गेले. तीन वर्षांनी, १९२४च्या अखेरीस, लढा संपला तो धरण न थांबताच. पन्नासच्या आसपास गावांना त्याची झळ पोहोचली. जगातील धरणाविरुद्धचा हा पहिला संघटित लढा होय, असे राजेंद्र व्होरा यांच्यासारख्या अभ्यासकाने त्यावरील ग्रंथात म्हटले आहे. मुलांनी हे सर्व वहीत लिहून घेतले. प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर, जपानात मला कशाचा शोध घ्यावयाचा आहे, असा एकच प्रश्न लिहावा, असे आम्ही सांगितले. कोणी लिहिले, तेथे भात कसे लावतात? कोणी लिहिले, भूकंप झाला की शाळेत काय करतात? आणि चौघांनी एकच प्रश्न लिहिला : तेथे धरणाखाली गावे गेली आहेत का?

कागदपत्रांविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे, कारण खेड्यातील मुलांची परदेशसहल अनेकदा येथेच अडते. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टास आईबाप दोघांचीही संमती लागते. तो पाच वर्षे किंवा अठरा वर्षे वय होईपर्यंत, जे आधी येईल तोवर चालतो. पण मुलाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारकार्डावर दुसरे आणि जन्माच्या नोंदीत तिसरे, असा प्रकार आमच्याकडे घरोघरी आढळतो. वडील मुंबईस, आई गावी, म्हणजे सह्यांसाठी खेपा. शहरातील घरात जे काम एका दुपारी होते त्यास येथे तीन महिने लागतात. एका मुलीच्या आजीने विचारले, "गुरुजी, पोरीला एवढं लांब नेऊन तिला काय दाखवणार?" आम्ही म्हटले, "आजी, ते तिनंच ठरवलंय. तिच्या वहीत लिहिलंय." आजीने वही मागून घेतली, तिला वाचता येत नव्हते, तरी ते पान निरखून पाहिले आणि म्हणाली, "मग जाऊ दे."

मे महिन्यात आम्ही निघालो. आपल्याकडे उन्हाळ्याची सुटी, तर तेथे नवे शालेय वर्ष नुकतेच सुरू झालेले. त्यामुळे भरलेल्या शाळा पाहावयास मिळतात. घड्याळे साडेतीन तास पुढे करावयाची. टोकियोबाहेर आगगाडी धावू लागली तेव्हा खिडकीतून पाण्याने भरलेली खाचरे दिसू लागली आणि मुले उठून उभी राहिली. लावणीचा हंगाम होता. परंतु चिखलात वाकलेल्या बायका कोठेच दिसत नव्हत्या. एक म्हातारा यंत्रावर बसून ओळीच्या ओळी लावीत चालला होता. आंबेमोहोराच्या मुलखातील ही मुले. मुळशीच्या या तांदळास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेव्हा भाताविषयी त्यांना कोणी शिकवावे असे काही नव्हते. एका मुलाने लगेच वहीत लिहिले : "रोप चार बोटं उंच, आपल्यापेक्षा लहान. पाणी आपल्यापेक्षा कमी. माणूस एकच. बाकीची माणसं कुठं असतील?" या शेवटच्या वाक्यात शेतीचे अर्थशास्त्र होते, खेड्यांतून शहराकडे गेलेल्या तरुणांचा प्रश्न होता. मुळशीच्या मुलालाच तो सुचणे शक्य होते, कारण त्याच्या घरीही लावणीला माणसे मिळत नाहीत.

शाळा पाहिल्या. दुपारच्या जेवणाचे वाढप मुलेच करतात, वर्ग आणि जिने मुलेच झाडतात, हे पाहून आपल्याकडील पाहुणे थक्क होतात आणि परतल्यावर त्याची स्तुती करतात. आमची मुले थक्क झाली नाहीत. "आम्ही रोज झाडतो," असे एकीने सहज सांगितले. खेड्यातील शाळांत मुले अंगण झाडतात, पाणी भरतात, हे खरेच आहे. परंतु तिच्याच मैत्रिणीने एक भेद टिपला : येथे साहेबाचा मुलगाही झाडतो आणि मुलगे-मुली सारखेच झाडतात. आमच्याकडे झाडू बहुधा मुलींच्या हाती येतो. असा भेद दिसावयाचा, तर आपल्याकडील गोष्ट आधी नीट पाहिलेली असावी लागते. तुलनेस दोन वस्तू लागतात, त्यांतील एक घरची असली पाहिजे.

आता त्या चौघांच्या प्रश्नाकडे येतो. टोकियो शहराच्या पश्चिमेस, ओमे मार्गावरील आगगाडीने शेवटच्या स्थानकापर्यंत गेले म्हणजे डोंगराळ ओकुतामा भाग लागतो. तेथे ओगोची नावाचे धरण आहे. टोकियोस पाणी पुरविण्यासाठी १९३८ साली त्याचे बांधकाम सुरू झाले, युद्धामुळे मध्ये थांबले आणि १९५७ साली पुरे झाले. उंची १४९ मीटर. या पाण्याखाली ओगोची हे गाव आणि शेजारच्या वस्त्या गेल्या. ९४५ कुटुंबांस घरे सोडावी लागली. धरण बांधताना ८७ कामगार मृत्यू पावले. त्यांचे स्मारक तेथे आहे. धरणाची योजना जाहीर झाली, पण खालच्या अंगाच्या शेतीच्या पाण्याचा तंटा मिटेना, म्हणून काम वर्षानुवर्षे लांबले. गाव सोडावयाचे आहे म्हणून कोणी जमिनीत पैसा घालीना, आणि नुकसानभरपाई तर हाती येईना, अशा टांगत्या स्थितीत माणसे कर्जात बुडाली. १९३५ साली गावकरी गाऱ्हाणे घेऊन टोकियोकडे निघाले तेव्हा पोलिसांनी त्यांस वाटेतच अडविले. इशिकावा तात्सुझो या लेखकाने १९३७ साली या गावावर कादंबरी लिहिली. आज टोकियोचे बहुतेक पाणी तोने आणि आराकावा या नद्यांतून येते. ओगोची हा अडीअडचणीच्या वेळचा साठा झाला आहे.

धरणाच्या काठी एक माहितीघर आहे. पाण्याची, डोंगराची आणि तेथील जुन्या लोकजीवनाची माहिती त्यात मांडली आहे. तेथील माणसाला आमच्या एका मुलीने दुभाष्यामार्फत विचारले, "ही माणसं पुढं कुठं गेली?" दुभाषी म्हणजे टोकियोत शिकणारा एक पुणेकर तरुण. पुण्यात जपानी भाषा शिकण्याची परंपरा जुनी आहे, तिचा हा उपयोग झाला. त्या गृहस्थांनी सांगितले की, लोक पांगले, आणि काही कुटुंबे यामानाशी प्रांतात कियोसातो येथील उजाड माळावर जाऊन वसली. मग त्यांनी अगदी सौजन्याने विचारले, "तुमच्याकडची माणसे कोठे गेली?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. सत्याग्रहाची तारीख त्यांना ठाऊक होती, पुढाऱ्यांची नावे ठाऊक होती. माणसे कोठे गेली, हे त्यांनी वाचलेल्या कोणत्याच पुस्तकात नव्हते. वास्तविक त्यांच्यापैकी निम्मी मुले त्याच माणसांची पणतवंडे! प्रश्न घेऊन सहा हजार किलोमीटरांवर गेलेल्या मुलांना तेथे उत्तर मिळाले आणि त्याबरोबर स्वतःच्या घराविषयीचा नवा प्रश्न मिळाला. आम्हांस विचाराल तर त्या क्षणी सहलीचे पैसे वसूल झाले. टोकियोचे उंच मनोरे आणि वेगवान आगगाड्या हा सारा वरकड लाभ.

परतल्यावर जून महिन्यात काम सुरू झाले. धरण भरले त्यास शंभर वर्षे होत आली. ते डोळ्यांनी पाहिलेले माणूस आता सापडावयाचे नाही. पण आईबापांच्या तोंडून ऐकलेली म्हातारी माणसे अजून आहेत. मुले त्यांच्याकडे जाऊन बसली. कोणाचे घराणे वर डोंगरउतारावर सरकले आणि तेथेच नवी वाडी वसली. कोणी पुण्याच्या बाजूस गेले, कोणी मुंबईस हमालीला आणि गिरणीत गेले. ज्या गिरण्यांसाठी वीज काढली त्याच गिरण्यांत बुडालेल्या खाचरांचा मालक कामाला लागावा, याहून इतिहासाचा धडा तो कोणता? देव कोठे हलविले, उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर कोणत्या देवळाचा चौथरा दिसतो, कोणत्या जुन्या वाटेने लोक कोकणात उतरत, हे मुलांनी उतरवून घेतले. पावसाळ्याच्या अखेरीस शाळेत मोठ्या कागदांवर दोन नकाशे शेजारी शेजारी लागले : एक ओगोचीचा, एक मुळशीचा. पाचवीच्या मुलांना ते समजावून सांगण्याचे काम या चौदा जणांचे. जे गेले त्यांनी, जे गेले नाहीत त्यांचे देणे फेडले पाहिजे, असा आमचा नियमच होता.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो : ही संधी कोणासाठी? पैसा हीच पात्रता ठरली तर परदेशसहल ही वर्गातील मुलांत भिंत उभी करते, यात शंका नाही. यावर एक उपाय पुणे जिल्ह्यात योजला गेला. २०२५ साली पुणे जिल्हा परिषदेने आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या साहाय्याने आपल्या शाळांतील सहावी-सातवीच्या मुलांच्या परीक्षा घेऊन, २५ मुलांस अमेरिकेतील नासा आणि ५० मुलांस इस्रो दाखविण्याची योजना आखली. शेतकऱ्याच्या, मजुराच्या मुलाला हे दार उघडावे, ही गोष्ट अभिनंदनीय आहे. मात्र अशा योजनेचे यश त्या पंचवीस मुलांवरून मोजू नये. प्रत्येक मूल परतल्यावर आपल्या शाळेत, आपल्या केंद्रातील शेजारच्या शाळांत जाऊन जे पाहिले ते सांगते काय, रात्रीच्या आकाशाकडे गावातील इतर मुलांचे डोळे वळवते काय, यावरून ते मोजावे. निवड परीक्षेने होवो, चिठ्ठीने होवो की देणगीने. निवडलेले मूल हा गावाचा प्रतिनिधी आहे, बक्षिसाचा धनी नव्हे, ही भावना त्याच्या मनात रुजविणे शिक्षकाचे काम आहे.

आणि ज्यांना कोठेच जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी जग कधी कधी दाराशीही येते. आमच्याच तालुक्यात, पौडजवळ खुबवली येथे, १९९७ सालापासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज या जागतिक शिक्षणसंस्थेचे महाविद्यालय आहे. कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारातून १९६२ साली वेल्समध्ये या मालिकेतील पहिले महाविद्यालय निघाले. दोन महायुद्धे पाहिलेल्या पिढीचा विचार असा की, निरनिराळ्या देशांची तरुण मुले दोन वर्षे एकत्र राहिली, एकत्र शिकली आणि लोकसेवेचे काम त्यांनी खांद्यास खांदा लावून केले, तर एकमेकांविषयीचे पूर्वग्रह गळून पडतील. नाना देशांची मुले त्यासाठी मुळशीच्या डोंगरात येऊन राहतात. जगातील मुले ज्या ठिकाणाला पाहण्याजोगे मानतात, तेथल्याच मुलांना आपले गाव पाहण्याजोगे वाटू नये, हे चमत्कारिक नव्हे काय? परदेशी मुलगा वाटेत भेटला तर त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घेण्यापेक्षा, त्याला आपल्या धरणाची गोष्ट सांगता आली पाहिजे. ती सांगता येणाऱ्या मुलाची निम्मी परदेशसहल घरबसल्या झाली, असे आम्ही समजतो.

तेव्हा पालकांस आमचे एवढेच सांगणे आहे. शाळेकडून परदेशसहलीचे पत्रक आले म्हणजे कोणते हॉटेल, किती दिवस, किती रुपये हे जरूर विचारा. पण त्याआधी तीन गोष्टी विचारा. निघण्यापूर्वी मुले कशाचा अभ्यास करणार? तेथे ती कोणास भेटणार, की केवळ वस्तू आणि इमारती पाहणार? आणि परतल्यावर ती कोणाला, काय सांगणार? या तिहींची उत्तरे शाळेपाशी असतील तर शक्य असल्यास खुशाल पाठवा. उत्तरे नसतील तर त्याच पैशांत मुलाला घेऊन चार वेळा आपल्याच जिल्ह्यात हिंडा. पुणे शहराचे नळाचे पाणी कोणत्या धरणांतून येते आणि त्या धरणांखाली कोणाची शेते गेली, हे पुण्यातील किती मुलांस सांगता येईल? खडकवासला, पानशेत, वरसगाव ही नावे पत्रिकेत नेहमी येतात, ती पाण्याच्या टक्केवारीसाठी. गावे म्हणून ती कोणी वाचीत नाही.

आणि ज्यांना पाठविणे शक्य नाही, त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. आपल्या मुलापाशी प्रश्न आहे की नाही, एवढे पाहावे. प्रश्न असलेल्या मुलाला वाट सापडते, आज नाही तर दहा वर्षांनी. कर्व्यांस पंधरा वर्षे थांबावे लागले होते. प्रश्नच नसलेल्या मुलाला मात्र विमानाने जगाला वळसा घालून आणले, तरी ते खिडकीतून ढग पाहून परत यावयाचे.